खिशातला नियम

डिसेंबर १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पूर्व टेक्ससमधल्या तेलविहिरींचा एक खटला सुनावणीला आला. महामंदीचे दिवस होते. तेलाचे भाव कोसळले होते, म्हणून किती तेल उपसायचं यावर मर्यादा घातलेली होती. ती मोडल्याच्या आरोपावरून काहींवर गुन्हे दाखल झाले होते, एकाला तर काही दिवस कोठडीतही काढावे लागले होते. सुनावणीची तयारी करताना सरकारी वकिलांच्या ध्यानात आलं की ज्या कलमाखाली ही कारवाई झाली, ते कलम अस्तित्वातच नाही. सप्टेंबर १९३३ मध्ये नियमावलीत दुरुस्ती करताना ते अनवधानाने गळून पडलं होतं. वर्षभर याचा पत्ता ना तेलवाल्यांना होता, ना खालच्या न्यायालयांना, ना खुद्द सरकारला. हे नियम लोकांना पाहायला मिळतात तरी कुठे, असा प्रश्न न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी विचारला. तेलवाल्यांच्या वकिलाने सांगितलं की, त्याने पाहिलेली एकमेव प्रत एका सरकारी माणसाच्या पँटच्या मागच्या खिशात होती.

अमेरिकेच्या संघीय नोकरशाहीची ओळख करून देताना सहसा खात्यांची यादी दिली जाते. मंत्रिमंडळातली खाती पंधरा, त्यांच्याबाहेर कितीतरी स्वतंत्र संस्था आणि आयोग, टपाल खातं सोडून वीस लाखांच्या वर मुलकी कर्मचारी, त्यातले बहुसंख्य राजधानी वॉशिंग्टनपासून दूर काम करणारे. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या परिचारिका, मांस तपासणारे निरीक्षक, हवामानाचा अंदाज देणारे शास्त्रज्ञ, विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी, हे सगळे त्यात आले. पण या यादीतून मुख्य प्रश्न कळत नाही. त्या खिशातल्या कागदातून तो कळतो. लोकांनी निवडून न दिलेली माणसं लोकांवर बंधनकारक नियम करणार असतील, तर त्यांना बांधून ठेवायचं कशाने?

अमेरिकेने याचं उत्तर दीडशे-दोनशे वर्षं चाचपडत शोधलं आहे. राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आणि न्यायालयं असे या नोकरशाहीचे तीन धनी आहेत आणि तिघांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. माझ्या मते या व्यवस्थेचा खरा कणा मात्र वेगळाच आहे. तिथल्या अधिकाऱ्याला निर्णय घेता येतो, पण कारण द्यावं लागतं, आणि तेही लेखी, उघड्यावर, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं ऐकून. वाचायला ही साधी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती किती ताकदीची आहे, हे पुढे दिसेल.

तेलाच्या त्या खटल्याचा निकाल जानेवारी १९३५ मध्ये सरकारच्या विरोधात गेला. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून संघीय राजपत्र सुरू करायला लावलं आणि १४ मार्च १९३६ रोजी त्याचा पहिला अंक निघाला. त्यानंतर दहा वर्षांनी, जून १९४६ मध्ये, प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा आला. या कायद्याचं नाव अमेरिकेतही फारसं कोणाच्या तोंडी नसतं, पण रोजच्या कारभारावर त्याचा जेवढा पगडा आहे तेवढा फार थोड्या कायद्यांचा असेल. नवा नियम करायचा तर आधी त्याचा मसुदा राजपत्रात छापायचा, आपल्याकडे ज्याला हरकती व सूचना म्हणतात त्या मागवायच्या, त्यांतल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना उत्तर द्यायचं आणि मगच अंतिम नियम जाहीर करायचा. कोणाला तो अन्यायकारक वाटला तर न्यायालय उघडं आहे.

हे यंत्र कसं चालतं ते महाराष्ट्रातल्या हजारो घरांना, नावगाव माहीत नसतानाही, अनुभवाने ठाऊक आहे. पुण्या-ठाण्याहून एच-१बी व्हिसावर अमेरिकेला गेलेल्या इंजिनियरची पत्नी किंवा पती एच-४ व्हिसावर जातो. या व्हिसावर नोकरी करता येत नसे. डॉक्टर, आर्किटेक्ट, प्राध्यापक झालेल्या बायका तिथे वर्षानुवर्षं घरी बसून राहिल्या. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांचा नंबर इतका मागे की ‘वर्षानुवर्षं’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. हे बदलायला काँग्रेसने कायदा केला नाही. बदल केला गृहसुरक्षा खात्याने, एका नियमाने. १२ मे २०१४ रोजी मसुदा प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डच्या दिशेने ठरावीक मजल झाली आहे, अशांना काम करण्याचा परवाना द्यावा, असा तो प्रस्ताव होता. साठ दिवसांत सुमारे १३,००० प्रतिक्रिया आल्या. त्यांत स्वतःची कहाणी लिहिणाऱ्या गृहिणी होत्या, तसेच आपल्या नोकऱ्या जातील म्हणून विरोध करणारे अमेरिकन कामगारही होते. २५ फेब्रुवारी २०१५ रोजी अंतिम नियम राजपत्रात आला. प्रत्यक्ष बदललेल्या कलमांचा मजकूर त्यात थोडाच आहे. बाकीची पानं हरकतींची उत्तरं देण्यात खर्ची पडली आहेत. पहिल्या वर्षी जास्तीत जास्त किती लोक पात्र ठरतील याचा अंदाजही खात्याने त्यात मांडला होता, १,७९,६००. २६ मेपासून नियम लागू झाला.

पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. नियमाविरुद्ध लगेच दावा दाखल झाला. दावा करणाऱ्यांमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीतून काढले गेलेले संगणक कर्मचारी होते. आपल्या जागी एच-१बीवाले आणले गेले, ही त्यांची तक्रार होती. ती तक्रार खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. आपल्या लोकांना मिळालेल्या सोयीची दुसरी बाजू त्यांनी भोगली होती. २०१७ मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारने हा नियम रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. पण केलेला नियम मागे घ्यायचा तरी तोच रस्ता पुन्हा चालावा लागतो. रद्द करण्याचा मसुदा फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हाइट हाउसच्या छाननी कार्यालयात पोचला आणि तिथेच पडून राहिला. राजपत्रात तो कधी छापलाच गेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि मसुदा मागे घेतला गेला. न्यायालयातला दावा मात्र चालूच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. दहा वर्षं या परवान्याच्या भरवशावर घरं घेतली गेली, मुलांच्या शाळा ठरल्या, आणि एका सरकारला तो नको असूनही तो टिकला.

याच विषयातलं दुसरं उदाहरण शेजारी ठेवू. १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी उद्घोषणा काढून नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला. तिसऱ्या दिवशी तो लागू झाला. मसुदा नाही, हरकती नाहीत, मुदत नाही. आधीपासून व्हिसा असलेल्यांनाही तो भरावा लागेल का, हेही पहिल्या दिवशी स्पष्ट नव्हतं आणि सुट्टीवर भारतात आलेली माणसं मिळेल त्या विमानाने परतायला धावली. परदेशी व्यक्तींचा प्रवेश रोखण्याचा अधिकार काँग्रेसने १९५२ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाला दिलेला आहे. त्याचा आधार इथे घेतला गेला. आणि १९४६ चा कायदा खात्यांना लागू आहे, खुद्द राष्ट्राध्यक्षाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितलेलं आहे. माणसाला तयारीसाठी वेळ मिळणं आणि त्याचं म्हणणं ऐकलं जाणं म्हणजे काय, हे त्या शनिवार-रविवारी अनेक मराठी कुटुंबांना कळलं.

न्यायालयं नियम तपासतात तेव्हा नियम शहाणपणाचा आहे का, असं विचारत नाहीत. खात्याने नीट विचार केला होता का, एवढंच पाहतात. याचं गाजलेलं उदाहरण मोटारींचं आहे. अपघातात प्रवाशाला आपोआप वाचवणारी साधनं, म्हणजे एअरबॅग किंवा आपोआप आवळला जाणारा पट्टा, मोटारींत असली पाहिजेत असा नियम कार्टर सरकारच्या काळात, १९७७ मध्ये झाला. रेगन सरकारने १९८१ मध्ये तो रद्द केला. कारण दिलं ते असं, की कंपन्या स्वयंचलित पट्टेच बसवणार आणि लोक ते काढून टाकणार. २४ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, मग एअरबॅगच सक्तीची का केली नाही? त्याचा विचारही झाल्याचं कागदपत्रांत दिसत नाही. नियम रद्द करण्याचा निर्णयच फिरवला गेला. लहानपणी अमेरिकेत आलेल्या परवानाहीन तरुणांना संरक्षण देणारी योजना बंद करण्याचा ट्रम्प सरकारचा निर्णय २०२० मध्ये न्यायालयाने अडवला, तोही याच धाग्याने. योजना बंद करता येईल, पण पुरेसा विचार करून, कारणं देऊन, असं न्यायालय म्हणालं.

कायद्यातलं एखादं वाक्य संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ लावायचा कोणी, हा वेगळा वाद. १९८४ च्या शेव्हरॉन खटल्यापासून चाळीस वर्षं न्यायालयं म्हणत होती की खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल तर तोच मानू. २८ जून २०२४ रोजी हे तत्त्व मोडीत निघालं. निमित्त होतं अटलांटिकमधल्या हेरिंग माशांचं. बोटीवर बसवलेल्या सरकारी निरीक्षकाचा खर्च मच्छीमारांनी द्यावा, असं खात्याचं म्हणणं होतं, आणि कायद्यात त्याबद्दल स्पष्ट काही नव्हतं. अर्थ लावणं हे न्यायाधीशाचं काम आहे, असं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं. मला या निकालाबद्दल शंका वाटते. औषधातल्या रेणूबद्दल किंवा धुराड्यातल्या वायूबद्दल संसदेचं वाक्य अपुरं पडणारच, आणि ती फट भरण्याइतकं ज्ञान न्यायाधीशाकडे असतंच असं नाही. पण सरकार बदललं की त्याच वाक्याचा अर्थ उलटा होतो, हा विरोधकांचा आक्षेपही पोकळ नव्हता.

आता काँग्रेस. खाती जन्माला घालणारी, त्यांना पैसे देणारी तीच. पैसे मंजूर झाले नाहीत तर काम थांबतं: १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असं त्रेचाळीस दिवस सरकार ठप्प होतं, तोवरचं सर्वांत लांब. दिलेले पैसे राष्ट्राध्यक्षाने परस्पर अडवू नयेत म्हणून १९७४ चा कायदा आहे. सुनावण्यांना अधिकाऱ्यांना बोलावता येतं, लेखापरीक्षणाची यंत्रणा १९२१ पासून काँग्रेसच्या हाताखाली आहे. पण एकेकाळी तिला याहून धारदार हत्यार हवं होतं, आणि ते तिच्या हातून गेलं ते भारतीय वंशाच्या एका माणसामुळे.

जगदीश राय चढ्ढा केनियात जन्मले. १९६६ मध्ये ते शिकायला ओहायोत आले. १९७२ मध्ये व्हिसा संपला तेव्हा केनिया त्यांना नागरिक मानेना आणि ब्रिटिश पासपोर्ट असूनही ब्रिटनचा दरवाजा सहज उघडेना. परत पाठवणं हा त्यांच्यावर घोर त्रास ठरेल हे पटून १९७४ मध्ये परदेशी नागरिकांच्या प्रकरणांतल्या न्यायाधीशाने त्यांची हद्दपारी थांबवली. त्या काळच्या कायद्यात एक तरतूद होती: काँग्रेसच्या दोनपैकी एका सभागृहानेही ठराव केला तर असा निर्णय रद्द होई. अशा ३४० जणांच्या यादीतली सहा नावं प्रतिनिधिगृहाने १६ डिसेंबर १९७५ रोजी वगळली. त्यांत चढ्ढांचं नाव होतं. ठराव छापून सभासदांच्या हाती पडलेला नव्हता. चर्चा झाली नाही, मतांची नोंद झाली नाही. एका माणसाला देशाबाहेर काढण्याचा निर्णय फारसं कारण न देता झाला.

२३ जून १९८३ रोजी, म्हणजे एअरबॅगच्या निकालाच्या आदल्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली. कायद्याचा परिणाम घडवायचा असेल तर दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षाची सही या मार्गानेच जावं लागेल. अशी तरतूद असलेल्या सुमारे दोनशे कायद्यांना त्याने धक्का बसला. चढ्ढा राहिले. पुढे १९९६ मध्ये काँग्रेसने घटनेच्या चौकटीत बसणारा मार्ग काढला: नवा नियम ठरावीक मुदतीत दोन्ही सभागृहांच्या साध्या बहुमताने आणि राष्ट्राध्यक्षाच्या सहीने रद्द करता येतो. राष्ट्राध्यक्ष स्वतःच्याच खात्याचा नियम कशाला मोडू देईल? म्हणून हे हत्यार सरकार बदलल्यावरच चालतं. २००१ मध्ये कामगारांच्या पाठ-मनगटाच्या दुखण्याबद्दलचा नियम त्याने पहिल्यांदा रद्द झाला.

राष्ट्राध्यक्ष हा तिसरा धनी. १९८१ मध्ये रेगन यांनी एक फर्मान काढून मोठ्या नियमांचे मसुदे आधी व्हाइट हाउसच्या कार्यालयातून नफा-तोट्याच्या हिशेबासह पास करून घ्यायची सक्ती केली. पुढच्या सरकारांनी, दोन्ही पक्षांच्या, ही पद्धत ठेवली. एच-४ चा रद्द करायचा मसुदा अडकला तो याच कार्यालयात. नेमणुकांचा अधिकारही त्याचाच: सुमारे ४,००० पदं राजकीय, त्यांतल्या बाराशेहून अधिक पदांना सिनेटची संमती लागते. काढून टाकण्याचा अधिकार किती, यावर मात्र दीर्घकाळ भांडण चालत आलं आहे. १९२६ मध्ये ओरेगनमधल्या एका पोस्टमास्तरच्या प्रकरणात न्यायालयाने राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने कौल दिला. १९३५ मध्ये मात्र व्यापार आयोगाच्या सदस्याला रूझवेल्ट यांनी काढलं ते एकमताने बेकायदा ठरलं. अशा स्वतंत्र आयोगाचा सदस्य गैरवर्तनासारख्या कारणाशिवाय काढता येत नाही, असं ठरलं. मार्च २०२५ मध्ये त्याच आयोगातले सदस्य ट्रम्प यांनी काढले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तोच प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. खात्यांवर आतून नजर ठेवणारे महानिरीक्षक १९७८ पासून आहेत. त्यांना काढायचं तर तीस दिवस आधी काँग्रेसला तपशीलवार लेखी कारण द्यायचं, असा कायदा आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका रात्रीत डझनाहून अधिक महानिरीक्षक काढले गेले ते याशिवाय. न्यायाधीशाने सप्टेंबरमध्ये हे बेकायदा म्हटलं, पण त्यांना परत नेमायला सांगितलं नाही.

या वरच्या पदांखाली लाखो कायम कर्मचारी आहेत, आणि ते पक्षाचे नोकर नसावेत हे अमेरिका एका खुनानंतर शिकली. एकोणिसाव्या शतकात निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने आपल्या माणसांना नोकऱ्या वाटायच्या, हा रिवाज होता. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात चार्ल्स गिटो याने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. आपण प्रचार केला, तेव्हा वकिलातीतलं पद आपलं हक्काचं, अशी त्याची पक्की समजूत होती. गारफील्ड सप्टेंबरात गेले. जानेवारी १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा झाला. परीक्षा घेऊन नेमणूक, आणि राजकीय कारणाने हकालपट्टी नाही. सुरुवातीला दहातली जेमतेम एक नोकरी त्याखाली आली, पुढे बहुतेक आल्या. धोरणाशी संबंध असलेल्या कायम कर्मचाऱ्यांना वेगळ्या वर्गात टाकून काढणं सोपं करण्याचा आदेश ऑक्टोबर २०२० मध्ये निघाला, २०२१ मध्ये रद्द झाला आणि २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा निघाला. निवडून आलेल्या माणसाचं धोरण खालच्यांनी हाणून पाडू नये, ही त्यामागची मागणी लोकशाहीत गैर नाही. पण ‘नाही’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर नोकरीची टांगती तलवार असेल तर काय गमावलं जातं, याचा विचार फ्रान्सिस केल्सी यांचं नाव घेतल्याशिवाय करू नये.

केल्सी डॉक्टर आणि औषधशास्त्रज्ञ होत्या. ऑगस्ट १९६० मध्ये त्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि पहिल्या काही कामांतच त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. युरोपात ते सर्रास विकलं जात होतं, गरोदर बायका मळमळीवर घेत होत्या. त्या वेळच्या कायद्यात एक मोठी फट होती: साठ दिवसांत प्रशासनाने हरकत घेतली नाही तर औषध आपोआप बाजारात. केल्सींनी लिहून कळवलं की चाचण्यांची माहिती अपुरी आहे. पुन्हा साठ दिवस. पुन्हा अपुरी. मग ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांच्या नसा बधिर होत असल्याचं पत्र त्यांच्या वाचनात आलं. नसांवर परिणाम होत असेल तर गर्भावर काय होतं, हे त्यांनी कंपनीला विचारलं. कंपनीची माणसं येत राहिली, फोन करत राहिली, वरिष्ठांकडे गाऱ्हाणी नेत राहिली. वरिष्ठ केल्सींच्या पाठीशी उभे राहिले. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत हे औषध मागे घेतलं गेलं, कारण हात-पाय खुंटलेली बाळं जन्माला येत होती, जगभरात हजारोंनी. मार्च १९६२ मध्ये अमेरिकेतला अर्ज मागे घेतला गेला. प्रयोग म्हणून डॉक्टरांना वाटलेल्या गोळ्यांनी तिथेही काही बळी घेतले, पण दुकानात ते औषध कधी आलं नाही.

केल्सींना राष्ट्राध्यक्षाचं पाठबळ नव्हतं, काँग्रेसचा आदेश नव्हता. हाती होती ती गाऱ्हाण्यांनी न हलणारी नोकरी आणि दर साठ दिवसांनी कारण लिहून देण्याची सक्ती. त्यांचं प्रत्येक ‘नाही’ कागदावर होतं आणि कंपनीला त्याचं उत्तर देणं भाग होतं. १० ऑक्टोबर १९६२ रोजी केनेडींनी नव्या औषध कायद्यावर सही केली. त्याने साठ दिवसांची आपोआप मंजुरी काढून टाकली आणि औषध गुणकारी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली.